वारिओची सोन्याची खाण : एका शर्यतमार्गाचा माग

निन्टेन्डो ही क्योटोची कंपनी १८८९ साली पत्ते विकण्यासाठी निघाली आणि शंभर वर्षांनी व्हिडिओ गेमसाठी जगभर ओळखली जाऊ लागली. तिच्या 'मारिओ कार्ट' या मालिकेतला पहिला खेळ १९९२ सालचा. कार्ट म्हणजे जमिनीलगत बसायची, बुटकी, उघडी मोटार. त्यात कार्टूनमधली पात्रे बसतात, तीन फेऱ्यांची शर्यत लावतात आणि वाटेत एकमेकांपुढे केळीची साले टाकतात, कासवाची कवचे फेकून मारतात. एप्रिल २००८ मध्ये 'वी' या यंत्रासाठी आलेल्या खेळात असे ३२ शर्यतमार्ग होते. हा खेळ जगात ३ कोटी ७० लाखांहून अधिक प्रतींनी खपला. त्यातल्या 'फ्लॉवर कप' या गटातला शेवटचा मार्ग म्हणजे 'वारिओज गोल्ड माइन', वारिओची सोन्याची खाण.

वारिओ हा मारिओचा लोभी प्रतिस्पर्धी. जपानीत 'वारुइ' म्हणजे वाईट. तो शब्द आणि मारिओ जोडून हे नाव झाले. (मराठीत करायचे तर 'वाइरिओ' म्हणावे लागले असते.) १९९२ च्या एका खेळात तो खलनायक म्हणून आला आणि सोन्याची हाव हाच त्याचा स्वभाव ठरला. तेव्हा त्याच्या मालकीची खाण असणे क्रमप्राप्तच होते.

हा मार्ग साधारण असा आहे. आरंभरेषा डोंगरावर, उघड्यावर. लाकडी मचाणांवर टेकलेला रस्ता लगेच उताराला लागतो, वळत वळत खाली जातो, आणि त्याला कठडे नाहीत. गाडी कडेवरून गेली की दरीत. तिथून लाकिटू नावाचा ढगावर बसलेला प्राणी गळाने तुम्हाला उचलून परत रस्त्यावर ठेवतो. दंड एवढाच, की दोन-चार सेकंद जातात. पुढे डोंगराच्या पोटात शिरले की अंधार, त्यात सोन्याची चमक, अंगावर येणारी वटवाघळे, आणि रुळांवरून धावणाऱ्या खाणगाड्या. या गाड्यांना इंजिन नाही, चालक नाही. धडकलात तर तुमची गाडी उलटीपालटी होते. मग नळ अर्धा कापावा तसे खोलगट रस्ते, वेग वाढवणारे पट्टे, आणि पुन्हा वर उजेडात. नोव्हेंबर २०१४ मध्ये 'मारिओ कार्ट ८' ची जी पुरवणी निघाली तिच्यात हाच मार्ग पुन्हा आला. तिथे काही ठिकाणी गुरुत्वाकर्षण रद्द होते आणि चाके आडवी करून गाडी तिरक्या रस्त्यावरून पळते.

पुण्यात भाच्याकडे हा मार्ग मी पुष्कळदा खेळलो आणि बहुतेक वेळा दरीत गेलो. तेवढ्या खेळात एक गोष्ट लक्षात आली. २००८ च्या खेळात या खाणीतले सोने कोणालाच मिळत नाही. शर्यतीत नाणी गोळा करायची सोयच नव्हती. ती २०१४ च्या खेळात आहे, आणि तिथे नाण्यांनी गाडीचा वेग थोडा वाढतो. दुसरी गोष्ट कळायला जास्त वेळ लागला. या खाणीत कोणी काम करत नाही. कुदळ नाही, दिवा घेतलेला माणूस नाही, पाळी बदलल्याचा भोंगा नाही. गाड्या मात्र फिरतच आहेत.

आमच्या ताडकळसच्या मुलांना निन्टेन्डो माहीत नाही, पण खाणगाडी माहीत आहे. २०१३ साली आलेला 'टेम्पल रन २' त्यांनी फोनवर खेळलेला असतो, आणि त्यात पळता पळता धावपटू अचानक खाणगाडीत बसतो. शेजारच्या एका सातवीतल्या मुलाने मला सरळ विचारले, "काका, खऱ्या खाणीत पण अशाच गाड्या पळतात का?" त्याने खाण पाहिलेली नाही. आमच्या काळ्या मातीखाली बेसाल्ट आहे, ज्वालामुखीचा काळा दगड. इथे जमिनीच्या पोटात शिरायचे म्हणजे विहीर खोदायची, किंवा गावाबाहेरच्या खदानीत दगडासाठी सुरुंग लावायचा. मलाही खाण पुस्तकांतूनच माहीत. तेव्हा त्या मुलाला उत्तर देण्याआधी ही गाडी आली कुठून याचा माग काढायला बसलो.

माग निघाला तो थेट खाणीतूनच. जॉर्ज अॅग्रिकोला या जर्मन विद्वानाचा 'दे रे मेटॅलिका' हा खाणविद्येवरचा लॅटिन ग्रंथ १५५६ साली छापला गेला. (त्याचे इंग्रजी भाषांतर १९१२ साली पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला हर्बर्ट हूवर आणि त्याची पत्नी लू यांनी केले, हूवर मूळचा खाण अभियंता.) त्यात एका छोट्या चारचाकी पेटीचे वर्णन आहे. खनिज भरलेली ही पेटी फळ्यांवरून ढकलत नेत. तिच्या बुडाला लोखंडी खुंटी असे आणि ती दोन फळ्यांमधल्या फटीतून चाले, म्हणून पेटी वाट सोडत नसे. चालताना जो आवाज होई तो कुत्र्याच्या भुंकण्यासारखा, म्हणून कामगार तिला कुत्रा म्हणत. ठरलेल्या वाटेवरून चाक चालवायची कल्पना खाणीत अशी रुळली. फळ्यांच्या जागी पुढे लाकडी रूळ आले, मग लोखंडी, आणि इंग्लंडच्या कोळसाखाणींतून ते बाहेर पडले तेव्हा त्याला रेल्वे म्हणू लागले. १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी असो की आमच्या तालुक्याच्या गावी, पूर्णा जंक्शनला थांबणारी गाडी, तिचे कूळ त्या भुंकणाऱ्या पेटीशी जाते.

पण रेल्वे आणि खेळातली खाणगाडी या एकाच कुळाच्या दोन वेगळ्या शाखा. दुसरी शाखा अमेरिकेत पेनसिल्वेनिया राज्यात, मॉक चंक या गावी फुटली. तिथल्या डोंगरावरच्या कोळसाखाणीतून खाली कालव्यापर्यंत कोळसा आणण्यासाठी १८२७ साली सुमारे ९ मैलांचा रूळमार्ग घातला. इंजिन नव्हते. भरलेले डबे उताराने आपोआप घरंगळत येत, एक माणूस ब्रेक धरून बसे, आणि रिकामे डबे खेचरे ओढून वर नेत. वर गेलेली खेचरे खाली यायची ती डब्यात उभी राहून. असे सांगतात की या सवारीची त्यांना इतकी गोडी लागली की खाली चालत जायला ती तयारच होईनात. १८४६ मध्ये वर जाण्यासाठी वाफेच्या यंत्रांचा वेगळा मार्ग झाला आणि खेचरांचे काम संपले. १८७२ च्या सुमारास बोगदा निघाल्यावर कोळसाही दुसरीकडून जाऊ लागला. मार्ग मात्र बंद झाला नाही. तिकीट काढून बसणारी माणसे येऊ लागली, आणि डोंगरावरून घरंगळत येण्याची ती सहल १९३३ पर्यंत चालली.

या मार्गावरून स्फूर्ती घेऊन लामार्कस थॉम्पसन याने १८८४ साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडला लाकडी घसरण उभारली. पाच सेंट भाडे, ताशी सहा मैल वेग. अमेरिकी रोलर कोस्टरच्या इतिहासात तिला मोठे स्थान आहे. जत्रेतली ही गाडी म्हणजे कोळशाचा डबा, फक्त त्यात कोळशाच्या जागी गिऱ्हाईक बसलेले. पुढे १९७९ साली कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडने 'बिग थंडर माउंटन रेलरोड' उघडली. ती ओसाड सोन्याच्या खाणीतली, ताबा सुटलेली गाडी आहे असे तिचे सोंग आहे. १९८७ मध्ये तिचा जुळा भाऊ टोकियो डिस्नेलँडमध्ये उभा राहिला. खाणीतून निघून जत्रेत गेलेली गाडी इथे पुन्हा खाणीचा वेश घालून आली.

यानंतरचा टप्पा आपल्याला जास्त जवळचा आहे. १९८४ सालचा स्टीव्हन स्पिलबर्गचा 'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम' बऱ्याच वाचकांनी पाहिला असेल. कथा १९३५ च्या हिंदुस्थानातली. पंकोट नावाच्या काल्पनिक राजवाड्याखाली खाण आहे, तिथे पळवून आणलेली गावातली मुले साखळदंडात रत्ने आणि पवित्र दगड खणत आहेत, आणि त्यांचा धनी आहे मोलाराम हा ठग पुजारी, म्हणजे अमरीश पुरी. सत्यदेव दुबे यांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या मराठी चित्रपटात काम केलेल्या या नटाला जगाने ओळखले ते माणसाचे काळीज उपटणारा राक्षस म्हणून. भारत सरकारने संहिता पाहून इथे चित्रीकरणाची परवानगी नाकारली. ते श्रीलंकेत झाले. चित्रपटाच्या शेवटी नायक, नायिका आणि एक मुलगा खाणगाडीत बसून पळतात, मागून दुसऱ्या गाडीतून शत्रू. रूळ तुटलेला, खाली खाई, वळणावर एक चाक हवेत. हा प्रसंग आधी १९८१ च्या पहिल्या 'जोन्स' पटासाठी लिहिला होता. तिथे जमला नाही म्हणून या चित्रपटात आला. बराचसा पाठलाग लहान प्रतिकृतींवर चित्रित केला आहे. आणि गाडीचा आवाज? ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी तो डिस्नेलँडच्या रोलर कोस्टरवर ध्वनिमुद्रित केला. म्हणजे हिंदुस्थानातल्या खाणीचा म्हणून जगाने जो खडखडाट ऐकला, तो कॅलिफोर्नियातल्या जत्रेचा होता.

इथून व्हिडिओ गेमपर्यंतची वाट छोटी आहे. इंग्लंडच्या 'रेअर' कंपनीने १९९४ मध्ये निन्टेन्डोसाठी केलेल्या 'डाँकी काँग कंट्री' मध्ये तुटलेल्या रुळांवरून उड्या घेणाऱ्या खाणगाडीचा एक आख्खा टप्पा आहे. त्यानंतर असा टप्पा जवळजवळ रिवाजच झाला. १९९९ च्या 'क्रॅश टीम रेसिंग' मध्ये 'ड्रॅगन माइन्स', २००८ मध्ये वारिओची खाण, फुकट मिळणाऱ्या 'सुपरटक्सकार्ट' मध्ये 'ओल्ड माइन'. वारिओच्या खाणीच्या रचनाकारांनी कोणता चित्रपट समोर ठेवला होता, या प्रश्नात मी शिरत नाही. कड्यावरचे लाकूडकाम, कठडा नसलेला उतार, विनाचालक गाडी हे सगळे तोवर सर्वांच्या मालकीचे झाले होते. जपानकडे सादो बेटावर शेकडो वर्षे चाललेली, १९८९ मध्ये बंद झालेली आणि २०२४ मध्ये जागतिक वारसा ठरलेली स्वतःची सोन्याची खाण आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे कोरियन मजुरांना सक्तीने राबवल्याचा वाद अजून धुमसतो. वारिओची खाण सादोसारखी मुळीच दिसत नाही. ती अमेरिकेच्या पश्चिमेकडची, जत्रेतली खाण दिसते.

हा माग लावताना प्रत्येक टप्प्यावर माणसे गळत गेलेली दिसतात. मॉक चंकला कोळसा खणणारे होते, ब्रेक धरणारा होता, खेचरे होती. कोनी आयलंडला खणणारे गेले. डिस्नेने खाण परत आणली ती ओसाड करून, म्हणजे कामगार कुठे गेले हा प्रश्न येऊ नये. 'टेम्पल ऑफ डूम' ला कामगार लागले, कारण त्यांना सोडवणारा गोरा नायक हवा होता, आणि त्यासाठी हिंदुस्थानातली मुले कामी आली. मुले सुटून घरी गेली की गाडी मोकळी, आणि ती मोकळी गाडी खेळांनी उचलली. मला याचा राग येत नाही. खेळाने खाणकामगारांचे प्रश्न मांडावेत अशी अपेक्षा धरणे म्हणजे सापशिडीकडून सर्पविज्ञान शिकण्यासारखे आहे. पण सातवीतल्या मुलाच्या मनातली खाण जर एवढीच असेल, तर उरलेली कोणीतरी सांगायला हवी.

त्या मुलाला मी जे सांगितले ते थोडे सविस्तर असे. खाणीतल्या गाडीला आपल्याकडे टब म्हणतात. विदर्भातल्या कोळसाखाणींतही हाच शब्द. साधारण टनभर कोळसा मावणारे हे टब एकमेकांना जोडून, पोलादी दोराने ओढून तिरप्या वाटेने वर आणायचे, याला हॉलेज म्हणतात. सतत फिरणाऱ्या दोराला टब अडकवायची पद्धत असेल तर त्याचा वेग माणसाच्या चालण्याएवढाच. आता बऱ्याच ठिकाणी टब जाऊन पट्टे आणि यंत्रे आली आहेत. पण टबांच्या खाणीत सगळ्यात भीती कशाची असेल, तर सुटलेल्या टबाची. जोड निघाला किंवा दोर तुटला की भरलेला टब उताराने मागे येतो, अंधारात, दर क्षणाला वेग वाढवत, आणि खाली माणसे असतात. खेळातली सगळी मजा ज्या प्रसंगात आहे तोच हा.

तो टाळण्यासाठी खाणीने काय काय केले ते पाहण्यासारखे आहे. वर चढणाऱ्या टबांच्या मागे एक लोखंडी दांडा फरफटत ठेवतात. टब मागे सरकला की दांडा जमिनीत रुतून त्याला अडवतो. उताराच्या तोंडाशी अडसर असतो. रुळातच असा सांधा असतो की सुटलेला टब सरळ खाली न जाता बाजूला वळून रुळावरून उतरावा. भिंतीत ठराविक अंतरावर कोनाडे कोरतात, त्यांना मॅनहोल म्हणतात. टब येताना दिसला की माणसाने त्यात शिरायचे. आणि माणसांची चालायची वाट शक्यतो टबांच्या वाटेपासून वेगळी ठेवायची. १९५७ च्या कोळसाखाण नियमावलीत हॉलेजबद्दल असे कलमामागून कलम होते. नियमांची भाषा रुक्ष असते, पण असे नियम बहुधा एखाद्या अपघातानंतरच लिहिले जातात, हे ध्यानात ठेवून वाचले की अंगावर काटा येतो.

एका बाबतीत खेळ आणि खाण यांची गाठ पडते. वारिओच्या खाणीत रूळ दिसला की खेळाडूला कळते, गाडी येणार ती याच रेषेवरून. रूळ हाच इशारा. चार फेऱ्यांत मुलगा तो वाचायला शिकतो. नवा कामगारही पहिल्या आठवड्यात हेच शिकतो. फरक एवढाच, की त्याला उचलायला लाकिटू नाही. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी घुसले आणि पावणेचारशेच्या आसपास माणसे गेली. 'काला पत्थर' हा १९७९ चा हिंदी चित्रपट त्यावरून सुचला. लाकडी टेकूंचेही तसेच. खेळात ते शोभेला आहेत; खाणीत छत बसू लागले की लाकूड आधी करकरते, आणि ती करकर ओळखणारा माणूस जगतो. जुन्या लोकांना पोलादापेक्षा लाकडाचा भरवसा वाटे तो याच कारणाने.

राहता राहिले सोने. परभणी जिल्ह्यात सोने नाही, पण सोन्याची खाण आमच्या इतिहासात आहे. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या हैदराबाद राज्यात होतो, आणि रायचूर जिल्हाही त्याच राज्यात. तिथे लिंगसुगूर तालुक्यात हट्टी ही सोन्याची खाण आहे. आज ती चालवणाऱ्या कंपनीची स्थापना १९४७ ची, हैदराबाद गोल्ड माइन्स या नावाने. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आम्ही मुंबई राज्यात आलो, रायचूर म्हैसूरकडे गेला, आणि मराठवाड्याच्या आठवणीतून हट्टी पुसली गेली. त्याच भागात मस्की आहे. निजामाच्या मुलुखात सोने धुंडाळणाऱ्या बीडन नावाच्या अभियंत्याला १९१५ साली तिथे एक शिलालेख दिसला. तोवर सापडलेल्या लेखांत राजा स्वतःला देवांचा प्रिय, प्रियदर्शी म्हणवतो. मस्कीच्या लेखात प्रथमच अशोक हे नाव मिळाले. सोन्याच्या शोधाने इतिहासाला दिलेले एवढे मोठे देणे दुसरे मला माहीत नाही. त्या शेजारात सम्राटाचा लेख का असावा, याचे उत्तर अभ्यासक जमिनीखालीच शोधतात. हट्टीच्या प्राचीन खोदकामात सापडलेले लाकडी आधार सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहेत. लोकांनी तेव्हा खडक जाळाने तापवून, वर पाणी ओतून तडकवत शेकडो फूट खोल वाट काढली होती.

कोलारची खाण आता चित्रपटामुळे पोरासोरांनाही ठाऊक झाली आहे. १८८० पासून जॉन टेलर कंपनीने ती चालवली, तिच्यासाठी १९०२ साली कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून वीज आणली, आणि खोदत खोदत माणसे जमिनीखाली तीन किलोमीटरच्याही पुढे गेली. त्या खोलीवर खडक हाताला चटका देतो आणि दाबाने स्फोट व्हावा तसा फुटतो. २८ फेब्रुवारी २००१ ला खाण बंद झाली. सव्वाशे वर्षांत निघाले सुमारे ८०० टन सोने.

या दोन्ही ठिकाणी खाली उतरलेल्या माणसाला वारिओच्या भिंतींसारखी चमक क्वचितच दिसते. दिसतो तो करडा-काळा खडक आणि त्यातली पांढरी गारगोटीची शीर. हट्टीत तो खडक सुरुंगाने फोडतात, विहिरीसारख्या उभ्या वाटेने वर ओढतात, गिरणीत पिठाएवढा बारीक करतात आणि सायनाइडच्या द्रावणात घोळवतात. त्यात सोने विरघळते, मग ते कोळशावर धरून वेगळे करायचे, आणि शेवटी मुशीत वितळवायचे. एवढे सगळे झाल्यावर एक टन दगडातून हाती येते ते काही ग्रॅम. लग्नात मुलीच्या कानात घालायची फुले होतील इतके. उरलेले सगळे पीठ खाणीच्या बाहेर ढिगाने साठत जाते. कोलारला त्याच्या टेकड्या झाल्या आहेत आणि उन्हाळ्यात वारा सुटला की त्यांची धूळ गावावर येते.